पदवीविना पालीचे प्राध्यापक

यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा. यवतमाळ जिल्ह्यातील अशा गावांच्या बुद्धविहारांत रविवारी सकाळी माणसे वंदनेसाठी जमतात. त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते, त्यानंतर मंगलसुत्त किंवा रतनसुत्त. हातातल्या छोट्या पुस्तिकेची अक्षरे देवनागरी असतात, भाषा मात्र पाली असते. ही भाषा आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही. तरीही दर आठवड्याला तिचा पाठ होतो आणि मोठ्यांबरोबर म्हणता म्हणता लहान मुलांनाही ती तोंडपाठ होते. युरोपातील चर्चमध्ये शतकानुशतके लॅटिनचे जे स्थान होते, तेच येथे पालीचे आहे.

विदर्भात हा परिपाठ रुजला तो १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला घेतलेल्या धम्मदीक्षेनंतर. त्याच्या अर्धशतक आधीची स्थिती मात्र अगदी वेगळी होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मधील आपल्या विल्सन व्याख्यानांत पालीचा विचार केला होता. परंतु ते एका महापंडिताच्या अभ्यासिकेतले ज्ञान होते. सामान्य मराठी तरुणाला पाली शिकावीशी वाटली, तर त्याला महाराष्ट्रात ना शिकवणारा गुरू होता, ना वर्ग, ना हाती धरण्याजोगे देवनागरी पुस्तक. ज्या भूमीत बुद्धाने चारिका केली, त्या भूमीची ही भाषा शिकण्यासाठी समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाला जावे लागत होते. गोव्यातील एक जेमतेम मराठी शाळा शिकलेला तरुण तसा गेला आणि परत येऊन त्याने पुण्यात पालीचा वर्ग उघडला. धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. जुन्या साष्टी प्रांतातले हे गाव. याच साष्टीत रायतूरची धर्मपीठिका आहे आणि सतराव्या शतकापासून तेथे होऊ घातलेले पाद्री लॅटिनचे धडे गिरवीत आले. साखवाळच्या सारस्वत घरातील मुलाचा त्या विद्येशी काही संबंध येण्याचे कारण नव्हते. त्याच्या वाट्याला आले ते गावातले तुटपुंजे मराठी शिक्षण आणि घरच्या माडांच्या बागेची देखरेख. प्रकृती नाजूक होती. पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळाबाईंशी विवाह झाला. पुढचे आयुष्य नारळ मोजण्यात जाणार, हे जवळपास ठरल्यासारखे होते.

वाचनाची आवड मात्र होती. मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटे चरित्र वाचले आणि त्या काही पानांनी त्यांच्या मनाचा असा ताबा घेतला, की पुढची पन्नास वर्षे तो सुटला नाही. लहान मुलांच्या मासिकाने इतके दूरगामी काम केल्याचे दुसरे उदाहरण मराठीत चटकन आठवत नाही. बुद्धाविषयी आणखी वाचावे तर पुस्तके नव्हती. मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत, ते कोठे मिळतात, हे सांगणारेही कोणी नव्हते. आधी संस्कृत शिकले पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते.

१८९८ मध्ये वडील वारले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. बुद्धाच्या महाभिनिष्क्रमणाशी या घटनेची तुलना करण्याचा मोह अनेक चरित्रकारांना होतो. पण कपिलवस्तूच्या राजवाड्यात यशोधरेच्या पोटापाण्याची चिंता नव्हती. साखवाळच्या घरात बाळाबाईंना ती होती. पतीच्या विद्येची किंमत त्यांनी पुढची सहा-सात वर्षे एकटीने मोजली, हे धर्मानंदांच्या ज्ञानयात्रेचे वर्णन करताना नजरेआड करता येणार नाही.

पुण्यात त्यांनी भांडारकरांची भेट घेतली. भांडारकर प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ आणि संस्कृतचे सर्वमान्य अधिकारी होते. इंग्रजी शाळांतील मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या संस्कृतच्या दोन पाठ्यपुस्तकांनी पाठशाळेबाहेरच्या हजारो विद्यार्थ्यांना त्या भाषेचे दार उघडून दिले होते. बौद्ध धर्म जिवंत स्वरूपात पाहायचा तर नेपाळ किंवा सिंहलद्वीप गाठावे लागेल, हे या तरुणाला त्यांच्याकडून समजले. नेपाळ त्या मानाने जवळ. म्हणून धर्मानंद उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले.

काशीतले दिवस हा त्यांच्या शिक्षणाचा खरा पाया म्हटला पाहिजे. अन्नछत्रात जेवायचे, मिळेल तेथे राहायचे आणि शास्त्र्यांच्या घरी जाऊन कौमुदी शिकायची. पाठशाळेची रीत ठरलेली होती. गुरूने सूत्र सांगावे, शिष्याने ते मुखोद्गत करावे, दुसऱ्या दिवशी जुना पाठ म्हणून दाखविल्यावाचून नवा मिळू नये. या पद्धतीला आधुनिक शिक्षणतज्ज्ञांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत आणि त्यांतली काही रास्तही आहेत. परंतु पुस्तकाविना, कागदाविना, पैशाविना शिकणाऱ्या माणसाला तीच एक पद्धत परवडण्याजोगी होती. तिने धर्मानंदांना व्याकरणाची जी बैठक दिली, तिच्या बळावर पुढे त्यांना पाली विलक्षण वेगाने आत्मसात करता आली.

१९०२ च्या सुरुवातीला त्यांनी मोठ्या कष्टाने नेपाळ गाठले. तेथील बौद्ध धर्माचे रूप पाहून त्यांची घोर निराशा झाली. ज्या ग्रंथांसाठी एवढी पायपीट केली, ते वाचणारे तेथे कोणी भेटले नाहीत. ते बुद्धगयेला आले, तेथून कलकत्त्याला आणि महाबोधी सभेच्या मंडळींच्या साहाय्याने त्याच वर्षी कोलंबोला पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगल महास्थविर त्या काळी पालीचे सर्वश्रेष्ठ पंडित मानले जात. त्यांच्या छत्राखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि सव्विसाव्या वर्षी नव्या भाषेचा श्रीगणेशा केला.

पाली शिकण्यात एक अडचण अशी, की तिला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत. लंडनमध्ये १८८१ मध्ये स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने ती रोमन अक्षरांत छापायला घेतली. म्हणजे भारतीय विद्यार्थ्याला आपल्याच देशातले प्राचीन वाङ्मय वाचण्यासाठी परकी लिपी शिकणे भाग होते. धर्मानंदांनी सिंहली लिपी शिकून घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहून ब्रह्मी लिपीही आत्मसात केली. तेथे भिक्षूंच्या सहवासात ध्यानाचाही अभ्यास झाला. परतल्यावर ते उत्तरेतील बौद्ध तीर्थस्थानांत राहिले, कुशिनाऱ्यालाही राहिले. १९५६ मध्ये बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर याच कुशिनाऱ्याचे.

भाषा म्हणून पाली मराठी माणसाला कितपत अवघड आहे? संस्कृत येणाऱ्याला ती पहिल्या वाचनात ओळखीची वाटते आणि न येणाऱ्यालाही ती फार दूरची नाही. द्विवचन तिच्यात नाही. जोडाक्षरांचे अवघडपण तिने घासून गुळगुळीत केले आहे. संस्कृतातील सप्त पालीत सत्त होते आणि मराठीत सात. अष्टचे अट्ठ, मग आठ. हस्तचे हत्थ, मग हात. दुग्धचे दुद्ध आणि पुढे दूध. कर्म, कम्म, काम ही साखळी तर रोजच्या बोलण्यातली आहे. गंमत अशी, की लॅटिनपासून इटालियन घडताना अगदी हेच घडले. लॅटिनमधील सात या अर्थाचा ‘सेप्टेम’ इटालियनमध्ये ‘सेत्ते’ झाला आणि आठ या अर्थाचा ‘ऑक्टो’ झाला ‘ओत्तो’. दोन भिन्न व्यंजने एकत्र आली की जीभ त्यांतले एक टाकून दुसरे दुप्पट करते; मग ती जीभ मगधातली असो की रोममधली. पालीच्या वर्गात ही नाती उलगडत गेली, की विद्यार्थ्याला आपल्याच भाषेचा जुना पत्ता सापडतो. कोरड्या रूपावलीपेक्षा हा आनंद त्याला अधिक काळ त्या भाषेशी बांधून ठेवतो.

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या आंदोलनाने वातावरण तापलेले होते आणि त्यातूनच राष्ट्रीय शिक्षणाचे कॉलेज उभे राहिले होते. भिक्षूची वस्त्रे उतरवून त्यांनी या कॉलेजात पाली शिकविण्याचे काम पत्करले. पुढे कलकत्ता विद्यापीठानेही त्यांना पालीच्या अध्यापनासाठी घेतले. आशुतोष मुखर्जी तेव्हा कुलगुरू होते आणि पदवीपेक्षा विद्या पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. हरिनाथ डे यांच्यासारखे बहुभाषापंडित या मराठी शिक्षकाचे चाहते झाले आणि त्यांच्यापाशी पाली ग्रंथ वाचू लागले. डे केंब्रिजमध्ये लॅटिन आणि ग्रीक शिकून आलेले आणि इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल. गुरूपाशी मॅट्रिकचेही प्रमाणपत्र नव्हते.

कलकत्त्यात बस्तान बसले होते, पगारही वाढणार होता. पण आपण जे मिळविले ते महाराष्ट्राला द्यावे, हा ध्यास त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. धर्मानंदांनी मोठ्या पगारावर पाणी सोडून ही तुटपुंजी वृत्ती स्वीकारली. आतापर्यंत बाळाबाईंशी संसार पुन्हा सुरू झाला होता आणि १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला होता. ५० रुपयांचा हा निर्णय त्या घरात कसा घेतला गेला असेल, याची कल्पना प्रपंच करणाऱ्या कोणालाही करता येईल. बडोद्याला त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूप झाली. मराठीत मूळ पाली ग्रंथांच्या आधारे बौद्ध धर्माची ओळख करून देण्याची खरी सुरुवात तेथून झाली.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. त्यांच्या निमंत्रणावरून १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. तेथे काम होते ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे. पाचव्या शतकातील हा ग्रंथ म्हणजे थेरवाद बौद्धांच्या शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा कोशच. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने आवृत्तीचे काम बरेच पुढे नेले होते. पण १८९९ मध्ये त्याचे निधन झाले आणि हस्तलिखित अपुरे राहिले. ते पुरे करण्याइतकी पाली येणारा माणूस संस्कृतचे नामवंत प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांनाही हवाच होता.

काम दीड-दोन वर्षे चालले. मग मतभेद झाले. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे, हा वादाचा मुद्दा होता. धर्मानंद काम अर्धवट सोडून १९१२ मध्ये परतले. हा स्वभावाचा हेकटपणा की स्वाभिमान, याविषयी दुमत होऊ शकते. मात्र वसाहतीच्या काळात भारतीय शास्त्र्याने कष्ट करावेत आणि मुखपृष्ठावर युरोपीय नाव झळकावे, हा प्रकार इतका सर्रास चालत असे, की त्याविरुद्ध कोणी उभे राहिले याचेच आश्चर्य वाटावे. याच ग्रंथासाठी ते नंतरच्या वीस वर्षांत आणखी तीनदा हार्वर्डला गेले. राग धरला, पण ग्रंथ सोडला नाही.

परतल्यावर जे घडले, ते या चरित्राचा गाभा आहे. मुंबई विद्यापीठाने भांडारकरांच्या प्रयत्नांमुळे आपल्या अभ्यासक्रमात पालीला जागा दिली होती. विद्यापीठाच्या परीक्षांना तोवर अभिजात भाषा म्हणून संस्कृत, लॅटिन, फारसी अशा भाषा घेता येत. आता पालीही घेता येणार होती. प्रश्न होता शिकविणार कोण. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजने १९१२ मध्ये कोसंबींना पालीचे प्राध्यापक नेमले. ज्या संस्थेत इंग्रजी विद्येच्या पदव्या मिरविणारे लोक शिकवीत होते, तेथे एक पदवीहीन माणूस वर्गावर जाऊ लागला. इंग्रजीही त्यांनी मोठेपणी, स्वतःच्या प्रयत्नाने, गरजेपुरते कमावलेले होते.

नव्या विषयाला विद्यार्थी मिळणे सोपे नसते. संस्कृत घेतले तर घरात शिकविणारे कोणी तरी असते, बाजारात पुस्तके असतात, शिवाय प्रतिष्ठा असते. पालीला यांपैकी काहीच नव्हते. कोशही इंग्रजी आणि पुस्तके रोमन लिपीत. अशा स्थितीत शिक्षकाच्या तोंडून ऐकलेला पाठ आणि त्याची पुन्हा पुन्हा उजळणी हाच विद्यार्थ्यांचा मोठा आधार होता. काशीची पाठशाळा आणि कोलंबोचे विद्योदय या दोन्ही ठिकाणची शिस्त कोसंबींच्या अंगी मुरलेली होती. त्यांच्यापाशी आणखी एक गोष्ट होती, जी युरोपातल्या पाली पंडितांपाशी सहसा नसे. ही भाषा ज्यांच्या रोजच्या पाठात आहे अशा भिक्षूंमध्ये ते राहिले होते. पुस्तकातला विनयाचा नियम त्यांनी अंगावरच्या चीवरासह अनुभवला होता.

सहा वर्षांच्या या अध्यापनाचे फळ काय, याचे उत्तर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नावांतच आहे. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पालीबरोबर तिबेटी आणि चिनीही शिकले आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली त्या निमित्ताने १९५६ मध्ये भारत सरकारने प्रकाशित केलेल्या बौद्ध धर्मावरील ग्रंथाचे संपादक झाले. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनी दीघनिकायाचे मराठी भाषांतर केले. नीलकंठ भागवत मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पाली शिकवू लागले. जेझुइट पाद्र्यांच्या त्या कॉलेजात एका वर्गात लॅटिन आणि दुसऱ्यात पाली असा योग जुळून आला. पाली ग्रंथ देवनागरीत छापण्याची जी माला मुंबई विद्यापीठाने चालविली, तिच्यातील अनेक ग्रंथांचे संपादन याच भागवतांनी केले. परशुराम लक्ष्मण वैद्यांचे नावही या परंपरेत घ्यावे लागते. एका छोट्या वर्गातून इतके अधिकारी अभ्यासक निघाल्यामुळे पुढची तीन-चार दशके महाराष्ट्र पालीच्या अभ्यासात अग्रेसर राहिला.

वर्गाबाहेर राहिलेल्या वाचकांसाठी त्यांनी मराठीत लिहिले. बुद्धाच्या कथा सांगणारा ‘बुद्धलीलासारसंग्रह’ १९१४ मध्ये निघाला. त्यानंतर ‘समाधिमार्ग’ आणि ‘बौद्ध संघाचा परिचय’ ही पुस्तके आली. यांत ‘लघुपाठ’ हे छोटे पुस्तक आकाराने दुर्लक्ष व्हावे असे, पण महत्त्वाने मोठे. खुद्दकपाठ या पाली ग्रंथाचे हे मराठी रूप. नव्या श्रामणेराने पहिल्याप्रथम पाठ करायचे उतारे त्या मूळ ग्रंथात एकत्र केलेले आहेत: त्रिशरण, दहा शिक्षापदे, मंगलसुत्त, रतनसुत्त, मेत्तसुत्त. एका अर्थाने ते पालीचे पहिले इयत्तेचे पुस्तकच. आज यवतमाळपासून मुंबईपर्यंतच्या विहारांत जे सुत्त म्हटले जाते, त्याचा अर्थ कोसंबींनी धम्मदीक्षेच्या कितीतरी वर्षे आधी मराठीत आणून ठेवला होता. ते लिहिताना हा वाचकवर्ग त्यांच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते.

कोसंबींची भाषा साधी. संस्कृतप्रचुर पांडित्य मिरविण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला. अवघड पारिभाषिक शब्द आला की ते थांबतात, त्याची फोड करतात आणि मग पुढे जातात. पुस्तकातही त्यांच्यातला शिक्षक लपत नाही.

१९१८ मध्ये फर्ग्युसन सोडून ते पुन्हा हार्वर्डला गेले, ते या वेळी माणिक आणि दामोदर या मुलांना घेऊन. अमेरिकेतील केंब्रिज गावच्या ज्या शाळेत दामोदर पुढे शिकला, तिच्या नावातच लॅटिन हा शब्द होता. गणित आणि इतिहास या दोन्ही क्षेत्रांत कीर्ती मिळविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच. वडिलांना जी विद्या मिळविण्यासाठी अन्नछत्रात जेवावे लागले, तशा विद्येची दारे मुलाला आयती उघडी मिळाली. बाळाबाई मात्र या वेळीही मागेच राहिल्या.

१९२२ मध्ये ते परतले आणि महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात, पुरातत्त्व मंदिरात रुजू झाले. येथे पगार नाममात्र. पण मुनी जिनविजय, पंडित सुखलाल यांच्यासारखे जैन विद्येचे जाणकार सहकारी लाभले. येथील काही वर्षांनी त्यांच्या विचाराला जैन परंपरेची जोड मिळाली. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. परतल्यावर मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. चौपन्न वर्षांच्या पाली पंडिताने सत्याग्रहींच्या छावणीत काम करावे, हे त्या काळालाच शोभणारे. १९३७ च्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात, कामगारांच्या आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्यांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला. पैसा बिर्लांचा होता. तो फार काळ त्यांच्या हातून चालला नाही.

याच उत्तरकाळात त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने १९४० आणि १९४१ मध्ये दोन भागांत प्रकाशित केला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही सर्वपरिचित कथा कोसंबींनी पाली ग्रंथांतील जुने थर तपासून बाजूला सारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारे तंटे, शस्त्र उचलण्याविषयी त्याला वाटलेली भीती, हे गृहत्यागामागचे खरे कारण असावे, असे त्यांनी मांडले. पुढे बाबासाहेबांच्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा तंटा आला. धरणाच्या आणि कालव्याच्या पाण्यावरून भांडणाऱ्या आजच्या वाचकाला ही मांडणी अगदी जवळची वाटेल. व्याकरणाच्या काटेकोर अभ्यासाने इतिहासाचे आकलन कसे बदलते, याचा हा नमुना. कोणता उतारा जुना आणि कोणता नंतर घुसडलेला, हे ओळखायला भाषाच यावी लागते.

हार्वर्डच्या वादातला ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी स्वतंत्रपणे देवनागरीत संपादित करून ठेवला होता. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो १९४० मध्ये छापला. त्यावर त्यांनी स्वतः पालीत टीकाही लिहिली. जी भाषा शिकण्यासाठी कोलंबो गाठावे लागले, तिच्यात नवा ग्रंथ रचण्याइतका अधिकार त्यांनी मिळविला होता.

अखेरच्या वर्षांत शरीर व्याधींनी जर्जर झाले. आपले काम झाले, आता इतरांवर भार होऊन जगू नये, या विचाराने त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर पडलेला प्रभाव येथे दिसतो. गांधीजींच्या आग्रहाने त्यांनी एकदा उपोषण थांबविलेही. पुढे ते वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले. मे १९४७ मध्ये त्यांनी पुन्हा अन्न सोडले. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्याची हद्द लागते. त्या सगळ्या मुलखात तेव्हा पालीचा एक शब्द जाणणारा माणूसही विरळा असेल. ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. दिल्लीत फाळणीच्या वाटाघाटी चालू होत्या. त्या धामधुमीतही गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले.

स्वतःच्या नावाचे स्मारक व्हावे, असे कोसंबींना वाटत नव्हते. पाली शिकण्यासाठी भारतातून काही विद्यार्थी सिंहलद्वीपाला पाठवावेत, ही त्यांची इच्छा होती आणि गांधीजींनी ती उचलून धरली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी बाहेर पडली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरनचे आणि संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबींचे नाव आहे.